खेळणं सापडतं, पुठ्ठा सापडत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तुमच्या लहानपणचे ही-मॅन आणि स्केलेटॉर, म्हणजे त्या कार्टूनमधल्या नायकाचे आणि खलनायकाचे प्लास्टिकचे बाहुले, सापडले. ही-मॅनच्या तळपायावर बॉलपेनने तुमचं नाव आहे, स्केलेटॉरचा एक पाय लुळा पडलाय आणि दोघांचीही शस्त्रं गायब आहेत. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या मालिकेचा जुना माल, विशेषतः लिओ या खेळण्यांच्या कंपनीने आपल्याकडे विकलेला, नीट गोळा करावा असं तुमच्या मनात आलंय. सुरुवात कुठून करायची, फसगत कशी टाळायची, पावसाळ्यात हे सगळं टिकवायचं कसं, आणि पायावरच्या त्या नावाचं काय करायचं, एवढं तुम्ही विचारलंत.

मी हे बावीस वर्षं करते आहे. त्यातली पहिली चार वर्षं मी चुकीच्या गोष्टींवर पैसे घातले, म्हणजे नुसत्या फिगर, नुसते बाहुले, घेत सुटले. जितक्या फिगर जास्त तितका संग्रह मोठा, असं तेव्हा वाटायचं. पण ही-मॅन स्वतः दुर्मिळ नाही. साडेपाच इंचांचा तो दणकट गडी चाळीच्या गॅलरीतून खाली पडला तरी उचलून पुन्हा खेळायला घेता यायचा, म्हणून तो हजारो घरांत टिकला. टिकलं नाही ते त्याच्याबरोबर आलेलं बाकीचं. फिगर ज्यावर लावून विकायचे तो मागचा छापील पुठ्ठा पहिल्याच मिनिटात फाडला गेला आणि महिन्याच्या रद्दीत गेला. सोबतची गोष्टीची बोटभर पुस्तिका दप्तरात चुरगळली. छातीवरचा पट्टा तुटला, कुऱ्हाड सोफ्याच्या फटीत गेली. तुम्ही आज सुरुवात करताय, तर फिगरच्या मागे न लागता या सोबतच्या सामानाच्या मागे लागा. या छंदातला अभ्यास, शोध आणि आनंद तिथेच आहे.

थोडी मागची गोष्ट सांगते, कारण दुर्मिळपणा तिच्यातूनच येतो. मॅटेल कंपनीने ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ ही मालिका अमेरिकेत १९८२ साली बाजारात आणली. पहिल्या वर्षी आठ फिगर होत्या: ही-मॅन, स्केलेटॉर, मॅन-ॲट-आर्म्स, टीला, बीस्ट मॅन, मर-मॅन, स्ट्रॅटोस आणि झोडॅक. पुठ्ठ्याच्या मागे या आठांचीच चित्रं होती, म्हणून त्या पहिल्या पुठ्ठ्यांना संग्राहक ‘एट-बॅक’ म्हणतात. फिल्मेशन या कंपनीची कार्टून मालिका १९८३ मध्ये आली आणि तिचे १३० भाग झाले. म्हणजे खेळणं आधी आलं, कार्टून नंतर. आपल्याकडे उलटं झालं. आपण त्याला आधी दूरदर्शनवर पाहिलं आणि मग दुकानाच्या काचेत, लिओच्या नावाखाली. त्यामुळे आपल्या पिढीला कार्टूनमधली गोष्ट हीच मूळ गोष्ट वाटते.

ती मूळ नाही. फिगरबरोबर आलेल्या पहिल्या चार पुस्तिका पाहा. आल्फ्रेडो अल्काला या फिलिपिनो चित्रकाराने त्या रंगवल्या आणि डोनाल्ड ग्लुट यांनी लिहिल्या. कार्टूनमध्ये ही-मॅनचं दुसरं रूप असलेला राजपुत्र ॲडम त्यांत नाहीच. ही-मॅन हा जंगलातल्या टोळीतला योद्धा आहे, आणि जादूच्या तलवारीचे दोन भाग झालेले आहेत. तुमच्या दोघांच्या हरवलेल्या तलवारींचं उत्तर इथेच आहे. ही-मॅनची राखाडी तलवार आणि स्केलेटॉरची जांभळी तलवार ही एकाच तलवारीची दोन अर्धी पानं आहेत. दोन्ही एकमेकांत बसवली की पूर्ण तलवार होते, आणि ग्रेस्कलचा किल्ला उघडतो. लहानपणी आपल्याला ‘ही तलवार एका बाजूने सपाट का?’ असा प्रश्न पडायचा, कारण गोष्ट सांगणारी पुस्तिका आपल्या हातात टिकलीच नव्हती. कागद गेला की वस्तू अशी मुकी होते. पहिल्या चार पुस्तिका ओळखणं सोपं आहे: त्यांत संवादाचे फुगे नाहीत. पानावर एक चित्र आणि त्याखाली मजकूर, गोष्टीच्या पुस्तकासारखा. फुगे असलेल्या कॉमिकच्या धर्तीच्या पुस्तिका नंतर आल्या.

आता दुर्मिळ कशाला म्हणायचं ते बघू. विकणारा प्रत्येक जण ‘रेअर’ लिहितो, तेव्हा हा शब्द बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा, ही वस्तू कमी का उरली असेल? कारण सांगता आलं नाही तर ती बहुधा कमी नाहीच.

काही वस्तू मुळातच कमी ठिकाणी विकल्या गेल्या. १९८६ नंतर अमेरिकेत या मालिकेची लाट झपाट्याने ओसरली, म्हणून शेवटच्या वर्षांतला माल थोडा आहे. टायटस आणि मेगेटर हे दोन महाकाय योद्धे अमेरिकेतल्या दुकानांत पोचलेच नाहीत, ते युरोपात विकले गेले. १९८८ चे लेझर पॉवर ही-मॅन आणि लेझर-लाइट स्केलेटॉर यांचंही तेच. तीन मनोरे आणि मोनोरेल असलेला १९८६ चा इटर्निया हा प्रचंड संच तर मुळात महाग होता, आणि त्याचे सगळे तुकडे जपून ठेवणारं घर मिळणं त्याहून कठीण. या वस्तू भारतात बसून शोधू नका. सापडल्या तरी किंमत आणि वाहतूक मिळून सुरुवातीच्या संग्राहकाचं कंबरडं मोडेल.

काही वस्तू कमी आहेत कारण त्या लहान होत्या. हा माझा आवडता भाग, म्हणून इथे जरा रेंगाळते. मॅन-ॲट-आर्म्सच्या छातीवरचं नारिंगी चिलखत बऱ्याचदा मिळतं, पण त्याच्या हाताचं आणि पायाचं छोटं कवच मिळत नाही. ट्रॅप जॉ हा १९८३ चा खलनायक, त्याच्या यांत्रिक हाताला लावायचे तीन जोड होते आणि ते कमरेच्या पट्ट्याला अडकवता यायचे. तिन्ही जोड असलेला ट्रॅप जॉ मला अकरा वर्षांनी मिळाला. ऑर्कोची फिगर १९८४ ची. त्याच्या पोटात दातेरी पट्टी घालून खेचली की तो गरगर फिरत जायचा. ऑर्को मिळतो, पट्टी मिळत नाही. बीस्ट मॅनचा चाबूक म्हणजे प्लास्टिकच्या मुठीला बांधलेली काळी दोरी. दोरी सुटली, कुजली, आणि नंतर कुणीतरी बुटाची नाडी लावली. म्हणून चाबकाचा फोटो पाहताना मुठीपेक्षा दोरीच्या विणीकडे बघा.

आणि तिसऱ्या प्रकारच्या वस्तू कमी आहेत कारण त्या कचरा समजल्या गेल्या. पुठ्ठे, खोके, घडीपत्रकं, स्टिकरचे अल्बम, दुकानाचं बिल. लिओचा माल माझ्या मते या तिसऱ्या प्रकारात येतो. लिओने मॅटेलच्या परवान्यावर भारतात ही खेळणी आणली. स्पेनमध्ये काँगोस्ट, ब्राझीलमध्ये एस्त्रेला आणि जपानमध्ये ताकारा यांनीही आपापल्या देशात तेच केलं. प्रत्येक देशाच्या मालात रंगाच्या छटा, प्लास्टिकचा पोत आणि रंगकामाची सफाई थोडी वेगळी आहे. परदेशातले जाणकार आता लिओच्या फिगर खास मागतात त्या या फरकांमुळे. पण लिओची फिगर आणि लिओच्या पुठ्ठ्यावरची न उघडलेली फिगर यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडे खेळणं ‘ठेवण्यासाठी’ दोन घ्यायची पद्धत तेव्हा कुठे होती? वाढदिवसाला एकच मिळायचं आणि ते त्याच दिवशी उघडलं जायचं.

उघडून मग ते कुठे जायचं, हेही सांगते, कारण आपल्या भागातल्या फिगरची अवस्था त्यावर ठरते. आमच्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर. दादा माती कालवून किल्ला करायचा, उतारावर अळीव पेरायचे, पायऱ्यांवर मातीचे मावळे, सिंहासनावर महाराज, आणि मागच्या बुरुजावर पहारा द्यायला ही-मॅन. चार दिवस ओल्या मातीत उभा राहिल्यावर ती माती कमरेच्या फटीत शिरायची. या फिगरच्या कमरेत स्प्रिंग असते. कंबर पिळून सोडली की हात फिरून ठोसा बसतो. ती स्प्रिंग लोखंडी, ओल लागली की गंजते. महाराष्ट्रातल्या घरांतून आलेल्या फिगर हातात घेतल्या की मी आधी कंबर हळूच पिळते. कुरकुर आवाज आला किंवा फटीत तांबूस डाग दिसला, तर समजायचं की हा गडी किल्ल्यावर राहून आलाय. अशी फिगर घेऊ नका असं मी म्हणत नाही. किंमत ठरवताना ते मोजा.

शोधायचं कुठे? मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा रविवार-बुधवारचा जुना बाजार इथे जा, पण तिथे फिगर शोधायला जाऊ नका. त्या दिसल्या तर किंमत चढलेली असते, विक्रेत्यालाही आता मोबाइलवर भाव कळतात. खाली गोणपाटावर ओतलेला प्लास्टिकचा ढीग असतो, मोडक्या गाड्या, बाहुल्यांचे हात, ठोकळे, त्यात बसून चाळा. माझ्याकडची राखाडी कुऱ्हाड आणि टीलाची नागाची काठी अशाच ढिगातून आली. पुस्तिकांसाठी माटुंग्याच्या किंग्ज सर्कलजवळचे जुन्या पुस्तकांचे स्टॉल आणि तुमच्या भागातली रद्दीची दुकानं. रद्दीवाल्याला ‘ही-मॅन’ म्हणू नका, ‘तळहाताएवढी रंगीत इंग्रजी पुस्तकं’ म्हणा. त्याला आकार आठवतो.

तालुक्याच्या गावची जुनी जनरल स्टोअर्स हे दुसरं ठिकाण. सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावी, कटलरी-स्टेशनरीच्या दुकानात मी वही घ्यायला शिरले होते. बोलता बोलता विषय निघाला. दुकानदार काका म्हणाले, ‘बाहुले सगळे गेले बाई, पण वडिलांची बिलबुकं आहेत.’ पोटमाळ्यावरून त्यांनी गठ्ठा काढला. कार्बनच्या निळ्या अक्षरात एक ओळ होती: ‘ही म्यान, ४ नग’. घाऊक व्यापाऱ्याचा शिक्का, तारीख, सगळं. खेळणं एकही मिळालं नाही, पण ते बिल त्यांनी मला दिलं. माझ्या संग्रहात त्याच्याइतकी बोलकी वस्तू दुसरी नाही, कारण हा माल खेड्यापर्यंत कसा आणि केव्हा पोचला हे सांगणारा तो एकच कागद माझ्याकडे आहे. असा कागद दिसला तर सोडू नका. आणि पुठ्ठ्यावर दुकानदाराने चिकटवलेलं किमतीचं लेबल असेल तर ते खरवडून काढू नका. तो त्या वस्तूचा दाखला आहे.

आता फसगत. माझी सगळ्यात मोठी फसगत पुठ्ठ्यानेच झाली. एका विक्रेत्याकडून ‘न उघडलेला’ स्केलेटॉर घेतला. पुठ्ठा खरा होता, फिगरही खरी होती, पण फिगर झाकणारा पारदर्शक प्लास्टिकचा फुगा नवा होता. खऱ्या पुठ्ठ्यावर सुटी फिगर ठेवून नवा फुगा चिकटवला होता. तेव्हा मला दिसलं नाही, आता दिसतं. जुना फुगा वयाने पिवळसर आणि ठिसूळ झालेला असतो, त्याच्या कडेचा चिकट पट्टा एकसारखा, यंत्राने दाबलेला असतो. नव्याचा गोंद बाहेर ओघळलेला, कुठे जाड कुठे पातळ. फुग्याच्या कडेला पुठ्ठ्याचा वरचा छापील थर उचललेला दिसला आणि त्यावर पुन्हा फुगा बसवलेला असेल, तर तो पुठ्ठा एकदा उघडला गेला आहे. विक्रेत्याकडून कडेचे, तिरक्या उजेडातले फोटो मागा. द्यायला टाळाटाळ केली तर पुढे बोलू नका.

बरेच जण अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घ्यायला सांगतात, म्हणजे नवा कागद निळा चमकतो आणि जुना चमकत नाही. हे अर्धंच खरं आहे. कागद पांढरा दिसावा म्हणून घालायची चमकणारी द्रव्यं १९८० च्या दशकातल्या कागदातही असत. त्यामुळे चमक म्हणजे नकली असा निकाल देऊ नका. टॉर्चचा खरा उपयोग दुरुस्ती शोधायला: पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर नंतर भरलेला रंग आणि गोंद बाकीच्या भागापेक्षा वेगळे दिसतात.

पाठीवरच्या आकड्यानेही माणसं फसतात. ही-मॅनच्या पाठीवर मॅटेलच्या नावापुढे १९८१ असतं, आणि विक्रेता सांगतो, ‘१९८१ चा पीस’. तो हक्कनोंदीचा आकडा आहे, बनवल्याचं वर्ष नाही. मालिकाच १९८२ ला आली. त्याच साच्यातून पुढे वर्षानुवर्षं फिगर निघाल्या आणि तो आकडा तसाच राहिला. आकड्यापेक्षा त्याच्या आसपास कोरलेलं देशाचं नाव जास्त कामाचं. तैवान, मलेशिया, हाँगकाँग, मेक्सिको, फ्रान्स अशा ठिकाणी या फिगर बनल्या. तुम्हाला कुठली आवृत्ती हवी हे ठरवायचं तर तिथे बघावं लागेल.

अजून एक सापळा: २००० ते २००१ मध्ये मॅटेलने जुन्याच रूपात स्मरणार्थ आवृत्ती काढली होती. ती खोक्यातून काढून मळवली की १९८२ ची म्हणून खपवता येते. आणि २०२० च्या सुमाराला ‘ओरिजिन्स’ नावाने जुन्या चेहऱ्याची नवी मालिका आली, पण तिला ओळखायला वेळ लागत नाही. तिच्या कोपरांना आणि गुडघ्यांना सांधे आहेत. जुन्या ही-मॅनचा गुडघा वाकत नाही. तो कायम किंचित वाकलेल्या, झेप घ्यायच्या पवित्र्यात असतो.

शस्त्रांच्या नकला आता सर्रास मिळतात आणि त्या विकण्यात गैर काही नाही, जोवर नक्कल म्हणून विकतात तोवर. मूळ तुकड्यावरून साचा घेतला की नक्कल किंचित आखडते आणि कोरीव रेषा मवाळ होतात. म्हणून एक खरी तलवार मिळाली की ती मोजून ठेवा, लांबी, पात्याची रुंदी, मुठीची जाडी. पुढे प्रत्येक तलवार त्याच्याशी लावून बघा. फेकरच्या बाबतीत जास्त सावध राहा. फेकर म्हणजे निळ्या अंगाचा ही-मॅन, त्यावर स्केलेटॉरचं चिलखत नारिंगी रंगात. मॅटेल एकच साचा अनेक पात्रांना वापरत असे. स्टिंकॉरचं डोकं मर-मॅनचं आहे आणि चिलखत मेकानेकचं. या काटकसरीमुळे साधी फिगर रंगवून फेकर बनवणं सोपं झालंय. खऱ्या फेकरच्या चिलखताखाली छातीवर यंत्राचं चित्र असलेला स्टिकर असतो. चिलखत काढून दाखवायला सांगा, आणि काखेत व मांडीच्या सांध्यात बघा. रंगवलेल्या फिगरचा खरा रंग तिथे डोकावतो. स्टिंकॉरला मात्र नाकाने ओळखता येतं. त्याच्या प्लास्टिकमध्येच पचौली या सुगंधी वनस्पतीचा वास मिसळलेला होता, आणि माझ्याकडच्या स्टिंकॉरला तो आजही येतो.

किंमत ठरवताना मागितलेले भाव बघू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव बघा. ईबेवर तशी गाळणी लावता येते. परदेशातून मागवणार असाल तर सीमाशुल्क आधी विचारा. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. खासगी पार्सलचा हिशेब वेगळ्या नियमाने होऊ शकतो, शिवाय २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं असल्याने पार्सल अडकून प्रश्नोत्तरं होऊ शकतात. वर्णनात ‘जुनी, संग्रहासाठी, वापरलेली वस्तू’ असं स्पष्ट आणि खरं लिहून घ्या. न्यू जर्सीतल्या मामेभावाला सुट्टीला येताना सामानातून आणायला सांगणं हा आपल्याकडचा जुना मार्ग आहे. त्यालाही नियम लागू आहेत, पण निदान वस्तू आदळत-आपटत येत नाही.

सांभाळण्याबद्दल सगळ्यात आधी एक गोष्ट: पेटीत डांबराच्या गोळ्या असतील तर आजच काढा. कपड्यांबरोबर ठेवलेल्या खेळण्यांचं सर्वाधिक नुकसान मी याच गोळ्यांनी झालेलं पाहिलंय. नॅफ्थलीनच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात, चिकटतात, रंग सुटतो. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई फिकट प्लास्टिकवर उतरते. शस्त्रं हातात राहावीत म्हणून रबर बँड लावू नका. मुंबईच्या हवेत ते वितळून अंगाला चिकटतं आणि डाग कायमचा राहतो.

धुवायचं तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मुलांचा मऊ टूथब्रश, तोही कमरेच्या फटीत पाणी न जाऊ देता. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल यांतलं काहीही नको. मॉस मॅन आणि स्केलेटॉरचं वाहन असलेला पँथॉर यांच्या अंगावर मखमली लव असते, त्यांना पाणीच लावू नका, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका. पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवून पांढरं करायची पद्धत तुम्हाला कुणीतरी सांगेल. मी दोनदा केली आणि सोडून दिली. डाग पडतात, आणि पिवळेपणा पुन्हा येतो.

हात, पट्टे असे मऊ भाग कधी कधी चिकट होतात. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेलं तेलकट द्रव्य बाहेर येत असतं. असा तुकडा कडक प्लास्टिकला टेकून वर्षभर राहिला तर तिथे खड्डा पाडतो. म्हणून फिगर एकमेकींना टेकवून ठेवू नका, मध्ये साधा ॲसिडमुक्त टिश्यू घाला. पुठ्ठे आणि पुस्तिकांसाठी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. स्टेशनरीतली मऊ, वासाची पीव्हीसीची पाकिटं नकोत. पुस्तिकांच्या पिना आधी तपासा, गंज धरला असेल तर कागदाला त्याचा डाग लागत जातो. गंजलेली पिन अलगद उघडून काढायची आणि पुस्तिका तशीच सुटी ठेवायची, नवी पिन मारायची नाही. जून ते सप्टेंबर सगळं हवाबंद डब्यात, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलसह. रंग बदलला की जेल गरम करून वाळवून परत घाला. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिलं की कसर आणि बुरशी दोन्ही आटोक्यात राहतात. डबा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, ओल तिथूनच येते.

आणि घरात लहान मूल असेल तर या फिगर त्याच्या हाती देऊ नका. त्या काळच्या रंगांत आणि प्लास्टिकमध्ये शिसं आणि कॅडमियम असू शकतं, आणि मुलं वस्तू तोंडात घालतात.

एक वही करा. प्रत्येक वस्तूला क्रमांक, कुठून आली, केव्हा, किती पैसे दिले, काय मूळ आहे आणि काय नक्कल. मी पहिली चार वर्षं वही ठेवली नाही, आणि त्या काळातल्या दोन तलवारी खऱ्या की नकली हे ठरवायला मला नंतर फार त्रास झाला.

तुमच्या दोघांचं आता. स्केलेटॉरचा पाय लुळा आहे, कारण या फिगरचे पाय आतल्या रबरी जोडाने ताणून धरलेले असतात आणि तो जोड चाळीस वर्षांत सैल पडतो किंवा तुटतो. पाय ओढून बघू नका. जोड बदलता येतो, पण पहिल्यांदा स्वतः करणार असाल तर आधी एखाद्या मोडक्या, स्वस्त फिगरवर हात बसवा. धड दोन भाग चिकटवून केलेलं असतं, स्क्रू नसतो, त्यामुळे ते उघडायच्या फंदात पडू नका. दोघांच्या पाठीचे स्पष्ट फोटो काढा आणि अक्षरं वाचा. लिओच्या आहेत की बाहेरून आलेल्या, ते कळल्यावरच शस्त्रं शोधा, म्हणजे छटा जुळेल. पहिली खरेदी राखाडी अर्ध्या तलवारीची करा, दुसरी जांभळ्या अर्ध्याची.

पायावरचं नाव पुसता येईल का, असं तुम्ही विचारलंत. पूर्ण नाही. बॉलपेनची शाई अशा प्लास्टिकमध्ये मुरते. मुरुमांचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं क्रीम लावून उन्हात ठेवलं तर ती फिकी होते, पण बहुतेक वेळा बुटाचा रंगही त्याबरोबर उडतो आणि जागा पांढरट दिसते. विकायचं असतं तरी मी पुसू नका म्हटलं असतं, आणि तुम्हाला तर विकायचं नाही. माझ्या कपाटात दादाचा ही-मॅन आहे, त्याच्या डाव्या तळपायावर ‘इ. ३ री ब’ असं लिहिलंय. वहीत त्याची नोंद पहिल्या क्रमांकावर आहे, आणि ‘खुणा’ या रकान्यात तेवढंच लिहिलेलं आहे.